पंप की बंदूक: एका लेबलचं प्रकरण

नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी व्यावसायिक नीतिशास्त्र शिकवतो. शेवटच्या वर्षाचा, दोन क्रेडिटचा विषय. प्लेसमेंटच्या धामधुमीत मुलं तो कसाबसा उरकतात, आणि त्यांना दोष तरी काय द्यायचा? उदाहरणं तीच ती, १९८४ चं भोपाळ आणि १९८६ चं चॅलेंजर. तेव्हा या मुलांचे आईबापच शाळेत होते. म्हणून २०२५ च्या दिवाळीनंतर एक माजी विद्यार्थिनी जे घेऊन माझ्याकडे आली, ते तिला विचारून मी वर्गात शिकवायला घेतलं. तेच इथं सविस्तर लिहितोय. तिची किंवा कंपनीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत.

माणूस दिसला की फवारा बंद

मुलगी काटोल तालुक्यातली. घरी थोडी संत्र्याची बाग, बाकी कापूस. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ती अकरावीत होती. त्याच हंगामात तिचे वडीलही दोन दिवस उलट्यांनी अंथरुणाला खिळले होते. पुढे फवारणीचे ड्रोन बनवणाऱ्या इथल्या एका छोट्या कंपनीत नोकरी मिळाली, तेव्हा तिनं पुण्याची जास्त पगाराची ऑफर सोडली. कारण विचारलं तर म्हणाली होती, "सर, पाठीवरचा पंप उतरला पाहिजे."

तिचं काम कॅमेऱ्याचं. ड्रोन शेतावरून जाताना खाली झाड आहे, विजेची तार आहे की माणूस, हे सॉफ्टवेअरनं ओळखायचं. माणूस दिसला की फवारा बंद. एवढंच. पण ते बसवायला पंधरा माणसांच्या कंपनीला दीड वर्ष लागलं होतं.

मग २०२५ चा मे आला. ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत दोन्ही बाजूंनी शेकड्यांनी ड्रोन उडाले, आणि त्यानंतर ड्रोनचं काहीही करणाऱ्या प्रत्येक छोट्या कंपनीच्या दारात कुणी ना कुणी येऊन उभं राहिलं. या कंपनीला आलं ते तिसऱ्या हाताचं कंत्राट. घिरट्या घालणाऱ्या शस्त्रासाठी माणसं आणि वाहनं ओळखणारं मॉडेल तयार करून द्यायचं. अशा शस्त्राचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हे ड्रोन ठरलेल्या भागावर फिरत राहतं, कॅमेऱ्यातून लक्ष्य शोधतं, आणि हुकूम मिळाला की स्वतःच त्यावर झेपावून फुटतं. क्षेपणास्त्रासारखं ते एकदा सोडलं की संपलं असं नसतं. शेवटच्या क्षणापर्यंत मागे फिरवता येतं, आणि त्याच्या बाजूनं केल्या जाणाऱ्या नैतिक युक्तिवादांत हा सगळ्यात वजनदार.

नागपूरला हा मामला परका नाही. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथंच आहे, आणि भारतीय सेनेनं मागवलेल्या 'नागास्त्र-१' नावाच्या अशाच ४८० शस्त्रांपैकी पहिली १२० तिला २०२४ साली मिळाली, ती याच शहरातल्या कंपनीकडून. (या प्रकरणातली कंपनी यांपैकी कुणी नाही, आणि तिचं काम यांच्यासाठीही नव्हतं. गैरसमज नको.)

मुलीला या कामाचं वावडं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो, कारण वर्गात पहिला अंदाज तोच असतो. तिचा मामेभाऊ फौजेत आहे. मे महिन्यात तो राजौरीच्या बाजूला होता आणि तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. काम आलं तेव्हा तिनं हात वर करून मागून घेतलं. जो कॅमेरा आजवर माणूस वाचवायला शोधत होता, तोच आता माणूस शोधून त्याच्यावर लाल चौकोन ठेवणार होता. तिला तेव्हा यात विचित्र काही वाटलं नाही. मला वाटलं असतं का, सांगता येत नाही.

पाच पिक्सेल

आता जरा हिशेब. ६४० बाय ५१२ पिक्सेलचा थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा, १२ मायक्रॉनचे पिक्सेल, १३ मिलिमीटरची लेन्स. २०० मीटरवरून पाहिलं तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण १८ सेंटीमीटर. म्हणजे माणसाचे खांदे तीन पिक्सेलांत आटोपले. कलाश्निकोव्ह रायफलीची लांबी सुमारे ८७ सेंटीमीटर, म्हणजे पाच पिक्सेल. आणि फवारणी पंपाची नळी? जवळपास तेवढीच. जाडी तर दोन्हींची एका पिक्सेलहून कमी. गंमत अशी की पॉवर पंपाच्या नळीला आमच्याकडे गावोगाव 'गन'च म्हणतात.

मॉडेलला शिकवायचं तर हजारो चित्रं लागतात आणि प्रत्येक चित्रावर कुणीतरी शब्द लिहावा लागतो. खऱ्या लढाईची चित्रं असल्या तिसऱ्या हाताच्या कंत्राटदाराला कोण देणार? म्हणून कंपनीनं कळमेश्वरच्या बाजूला एक पडीक वावर भाड्यानं घेतलं, पाचशे रुपये रोजानं मजूर आणले, आणि त्यांच्या हातात लाकडी दांडे आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे दिले. हे 'सशस्त्र'. मग तेच दांडे खाली ठेवून पुन्हा चालायला लावलं. हे 'निःशस्त्र'. वरून ड्रोननं शूटिंग.

लेबल लावण्याची रीत अशी होती. एका उड्डाणातल्या सगळ्या फ्रेमवर सॉफ्टवेअर आधीच एक शब्द टाकून ठेवायचं, त्या सकाळी मजुरांना जे करायला सांगितलं असेल तो. लेबल करणाऱ्यानं फक्त तपासायचं. मान्य असेल तर एक क्लिक. नसेल तर दोन क्लिक, वर कारणाचा रकाना भरायचा. दिवसाला दोन हजार फ्रेम. या रचनेत माणूस काय करेल हे ओळखायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही.

एका सकाळी बाजूच्या वावरात खरोखरची फवारणी चालली होती, आणि कॅमेऱ्याच्या कडेला तो फवारणारा माणूसही आला. डोकं आणि हात गरम, म्हणून पांढरे. पाठीवर गार चौकोन, पंपात नुकतंच भरलेलं विहिरीचं पाणी. आणि बाजूला निघालेली पाच पिक्सेलांची रेघ. सॉफ्टवेअरनं त्यावर आधीच लिहिलं होतं: सशस्त्र. मुलीनं पहिल्या आठवड्यात असल्या चाळीसेक फ्रेम एका क्लिकमध्ये मान्य केल्या. पुढे ती मला म्हणाली, "सर, अख्खं लहानपण मी पाठीवर पंप घेतलेला माणूस पाहिला. आणि मलाच तो दिसला नाही."

तिसरा रकाना

सुरुवातीला रकाने तीन होते: सशस्त्र, निःशस्त्र, अस्पष्ट. माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथं आहे, त्या चाळीस फ्रेममध्ये नाही.

'अस्पष्ट' ठरलेली फ्रेम दुसऱ्या तपासनिसाकडे जायची. वेळ जायचा. शिवाय मॉडेलनं एखाद्या गोष्टीला 'अस्पष्ट' म्हटलं की ग्राहकाला दाखवायचा नेमकेपणाचा आकडा घसरायचा. तिसऱ्या आठवड्यात तो रकाना काढून टाकला. कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ आली: "डाउट असेल तर आर्म्ड टाका, मिस नको."

आता ही ओळ कायद्यापुढे ठेवून पाहा. १९४९ च्या जिनिव्हा करारांना जोड म्हणून १९७७ साली पहिला प्रोटोकॉल आला. त्याचं ५० वं कलम म्हणतं की एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही याबद्दल शंका असेल, तर ती नागरिकच समजायची. भारत या प्रोटोकॉलचा सदस्य नाही, हे खरं. पण लढणारा आणि न लढणारा यांत भेद करण्याचं बंधन सगळ्यांनाच लागू असलेल्या रूढ कायद्यात मोडतं. कायद्यानं शंकेचं माप एका पारड्यात टाकलंय, आणि ग्रुपवरच्या त्या सात शब्दांनी ते उचलून दुसऱ्यात टाकलं. तेही कुणाला कळलं नाही असं, कारण रकाना गेल्यावर शंका नोंदवायला जागाच राहिली नव्हती.

जगात हे आधी घडून गेलंय. २१ फेब्रुवारी २०१०, अफगाणिस्तानचा उरुझगान प्रांत. तीन गाड्यांचा ताफा चाललाय आणि अमेरिकी प्रिडेटर ड्रोन पहाटेपासून त्यावर नजर ठेवून आहे. ड्रोन उडवणारे नेवाडात. चित्रं पाहून काय दिसतं ते कळवणारे फ्लोरिडात. फ्लोरिडातून येतं: ताफ्यात लहान मुलं दिसताहेत. नेवाडातल्या मंडळींना ते पटत नाही. मग घासाघीस सुरू होते, मूल म्हणायचं की किशोर, आणि कितव्या वर्षापासून लढण्याच्या वयाचा पुरुष. माणसं गाडीतून उतरून नमाज पढली, तर तेही संशयाच्या खात्यात जमा. शेवटी हेलिकॉप्टरांनी क्षेपणास्त्रं सोडली. गावच्या वडीलधाऱ्यांनी २३ मृत मोजले. त्यांत दोन लहानगे होते. ताफ्यात शस्त्रधारी कुणी नव्हतं. त्या पहाटेचं संभाषण पुढे माहिती अधिकारातून बाहेर आलं, आणि वाचताना जाणवतं की बटण दाबण्याच्या कितीतरी आधी, एका शब्दाच्या वादात निकाल लागून गेला होता.

काबूल, २९ ऑगस्ट २०२१. झेमारी अहमदी हा मदतसंस्थेत काम करणारा माणूस. त्याच्या पांढऱ्या टोयोटा कोरोलावर ड्रोन दिवसभर पाळतीवर. तो गाडीत डबे ठेवतो, ते स्फोटकांचे ठरतात. होतं ते पाणी. घराच्या अंगणात गाडी शिरली आणि क्षेपणास्त्र पडलं. दहा माणसं गेली, त्यांत सात मुलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेनं चूक कबूल केली. डिसेंबरमध्ये सांगितलं की शिक्षा कुणालाच होणार नाही.

हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा पुटपुटला, "श्रावण बाळ." बरोबर. दशरथानं पाहिलं नव्हतं, घडा भरण्याचा आवाज ऐकून हत्ती समजून शब्दवेधी बाण सोडला होता. दोन्हीकडे पाणीच. फक्त दशरथ तीरावर उतरला, त्यानं मुलाचा बाण काढला आणि आंधळ्या आईबापांपुढे स्वतः जाऊन उभा राहिला. नेवाडातून अंगणापर्यंत चालत जाता येत नाही.

अर्थात दूर बसलेल्याला काही वाटतच नाही, हा समजही खोटा. २०१३ साली अमेरिकी सैन्याच्याच आरोग्यविषयक अभ्यासात ड्रोनचालकांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण विमानात बसून लढणाऱ्या वैमानिकांइतकंच आढळलं. लढाऊ वैमानिक बॉम्ब टाकून निघून जातो. ड्रोनवाला त्याच माणसाला आठवडाभर पोरांशी खेळताना पाहतो, आणि स्फोटानंतर वरच थांबून तुकडे मोजतो.

आणि खाली? २४ ऑक्टोबर २०१२ ला उत्तर वझिरीस्तानात मामना बीबी नावाची म्हातारी शेतात भेंडी तोडत होती. नातवंडं जवळच होती. ड्रोनहल्ल्यात ती त्यांच्यासमोर मेली. वर्षभरानं तिचा तेरा वर्षांचा नातू झुबेर वॉशिंग्टनला खासदारांपुढे बोलला. त्याला आता निळं आभाळ आवडत नाही, म्हणाला, कारण ढग असले की ड्रोन उडत नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशाला लोक ढगाची वाट पाहतात ती वेगळ्या कारणासाठी. पण हे वाक्य ऐकल्यापासून मी त्या निरभ्र आभाळाकडे पूर्वीसारखं पाहू शकत नाही.

टीम लीडचं म्हणणं

मुलगी फ्रेम घेऊन टीम लीडकडे गेली. त्याला खलनायक करणं सोपं आहे, आणि माझे विद्यार्थी ते लगेच करतात. पण त्याचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं.

"अगं, बटण आपण नाही दाबून राहिलो. शेवटी तिथं माणूस बसला आहे ना पाहायला. आणि उलटा विचार कर. हातात खरी रायफल असली आणि आपण निःशस्त्र म्हटलं, तर मरणारा कोण? तुझा भाऊच." पुढे असंही म्हणाला की ड्रोन नसेल तर तोफ असते, आणि तोफेला तर पाच पिक्सेलही दिसत नाहीत. धोरण ठरवणारे दिल्लीत आणि जिनिव्हात बसलेत, आपण सुटे भाग पुरवतो.

तोफेचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. गावावर अंदाजे गोळे टाकण्यापेक्षा पाहून मारणं बरं, यात वाद नाही. फक्त 'पाहून' या शब्दावर किती भार टाकायचा? खेरसोनमध्ये रशियाच्या छोट्या ड्रोनांनी रस्त्यावरच्या सायकलस्वारांना, बसथांब्यावरच्या बायकांना वेचून मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं मे २०२५ मध्ये त्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. तिथं चित्र अगदी स्पष्ट होतं. स्पष्ट चित्र सभ्यपणा आणत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

पण "शेवटी माणूस बसला आहे" हे मात्र मला पोकळ वाटतं. त्या माणसाला काय दिसणार? लाल किंवा हिरवा चौकोन आणि शेजारी एक टक्केवारी. 'अस्पष्ट'चा पिवळा चौकोन त्याला कधीच दिसणार नाही, कारण पिवळा आपण नागपुरातच पुसून टाकलाय. त्याच्या हातात काही सेकंद असतात आणि समोर आपण भरून ठेवलेलं उत्तर. मान्य करायला एक क्लिक. कळमेश्वरच्या फ्रेमसमोर मुलगी जशी बसली होती, तसाच तो तिथं बसणार.

काटोलला

इथं एक गोष्ट अशी घडली की तिचं समर्थन मी करत नाही, आणि तिला रागावलोही नाही. शनिवारी घरी जाताना तिनं त्या उड्डाणाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ लॅपटॉपवर नेला. करारात गोपनीयतेचं कलम होतं, तिची सही होती. नोकरी जाऊ शकली असती, कदाचित गुन्हाही दाखल झाला असता. वर्गात यावर मतं दर वेळी निम्मी-निम्मी फुटतात.

ओसरीवर बसून तिनं वडिलांना व्हिडिओ लावून दिला. करडी जमीन, पांढरा ठिपका, रेघ.

"बाबा, याच्या हातात काय आहे?"

"काय म्हंजे? पंप मारून राहिला ना तो."

"कशावरून?"

वडिलांनी चष्मा वर केला. "डावा हात पाह्य. दांडा हालवून राहिला. उजवा इकडून तिकडे. दुसरं काय करन मानूस असं?" मग जरा पुढे वाकून, "नवा हाय बाप्पा हा. वाऱ्याच्या तोंडी चालून राहिला. सारं आंगावर घेऊन राहिला. याले कोनं सांगतलं नाही वाटते."

माणसाभोवती हलणारा काळपट पट्टा तिनं कॅमेऱ्याचा दोष समजून सोडून दिला होता. तो फवाऱ्याचा गार तुषार होता, माणसावर उलटा येत असलेला. एका फ्रेममध्ये त्याला काही अर्थ नव्हता. वीस सेकंद सलग पाहिल्यावर, आणि पाहणाऱ्यानं स्वतः तीस वर्षं पंप मारलेला असल्यावर, माणूस नवशिका आहे हेही कळलं.

सोमवारी तिनं दोन पानांचं टिपण दिलं. तीन मागण्या: त्या दिवसाचं उड्डाण डेटामधून काढा, 'अस्पष्ट' परत आणा, आणि एकेका फ्रेमऐवजी सलग व्हिडिओवर लेबल लावा. वडिलांचा उल्लेख अर्थातच नव्हता. टीम लीडनं दोन दिवसांनी बोलावलं. उड्डाण काढून टाकलं, आकडा थोडा उतरला, ग्राहकाला तसं कळवलं. सलग व्हिडिओचं "पुढच्या टप्प्यात पाहू" झालं. तिसरा रकाना आला नाही. त्याऐवजी मॉडेलसोबत द्यायच्या कागदपत्रात एक वाक्य घातलं गेलं, की शेतीची अवजारं वापरणाऱ्या व्यक्तींवर या मॉडेलची चाचणी झालेली नाही. तेवढंही बहुतेक ठिकाणी होत नसेल. पण ते वाक्य कागदावर आहे, पडद्यावर नाही, आणि आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना शेतं अगदी कुंपणापर्यंत जातात.

मुलीनं बदली मागून घेतली. ती परत फवारणीच्या ड्रोनवर आहे.

वर्गात मी हे दोनदा शिकवलंय. चर्चा तिच्या गोपनीयतेच्या भंगावर आणि त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ओळीवर रंगते, आणि मीही ती तिकडेच वळवत होतो. दुसऱ्या वेळी एका मुलीनं विचारलं, "सर, त्या मजुरांना काय सांगितलं होतं? पाइप घेऊन कशासाठी चालायचं म्हणून?" हे ना मी विचारलं होतं, ना माजी विद्यार्थिनीनं. त्या संध्याकाळी तिला फोन केला. तिनं माणसं आणून देणाऱ्या मुकादमाला विचारून दुसऱ्या दिवशी कळवलं. पिक्चरचं शूटिंग आहे, असं सांगितलं होतं. त्यांतल्या दोघांनी नंतर त्याला विचारलं होतं, कोणता पिक्चर, आणि कधी येणार.